घरचं चिन्ह आणि चौथं मत

वाचकाचं पत्र

आदरणीय मॅडम,

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमच्या घरचं मत एकाच पक्षाला. सासरे पक्षाचे जुने कार्यकर्ते होते, आता दीर शहर कमिटीत आहेत. पक्षाचं नाव लिहीत नाही, नाहीतर गल्लीत सगळे ओळखतील.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. आमच्या प्रभागात चार जागा, पक्षानं चारही उमेदवार दिले. ‘अ’ मधल्या बाई चांगल्या. पुराच्या वेळी आमच्याबरोबर चिखलात उभ्या होत्या. ‘ब’ मध्ये आमच्या तालमीचा पोरगा, त्याच्याबद्दल शंकाच नाही. ‘क’ मध्ये माजी नगरसेवकाच्या मिसेस. प्रचारात त्या हात जोडून उभ्या, बोलायचे ते त्यांचे मालक. आणि ‘ड’ मध्ये अर्ज भरायच्या आधी आठवडाभर दुसऱ्या पक्षातून आलेला माणूस. आमच्या पेठेतलाही नाही. कितीतरी वर्षं झेंडा वाहिलेल्या कार्यकर्त्याला डावलून त्याला पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म दिला. तो आधीच्या सभागृहात नगरसेवक होता, पण गेल्या पाच वर्षांत गटार तुंबली तरी फिरकला नाही. २०२१ च्या महापुरातही दिसला नाही.

मी तीन मतं पक्षाला दिली आणि चौथं विरोधी पक्षाच्या उमेदवाराला. तो पुरात बोट घेऊन आमच्या गल्लीत आला होता. आमचे तिघे निवडून आले, ‘ड’ चा उमेदवार थोडक्यात पडला. रात्री जेवताना मी खरं सांगून टाकलं. दीर ताटावरून उठले. म्हणाले, ‘वैनी, घरातलंच मत फुटलं तर बाहेरच्यांना काय सांगायचं?’ तेव्हापासून बोलत नाहीत. जावेकडून गल्लीतही कळलंय.

आता पक्षाची प्रभाग बैठक आहे, महिलांनाही बोलावलंय. मी गद्दारी केली का? बैठकीत बोलू की गप्प बसू? की हा पक्षच सोडून देऊ? मुलीनं या वेळी पहिल्यांदा मत दिलं. ती विचारते, ‘आई, मग चिन्ह बघायचं कशाला?’ तिला काय सांगू?

एक मतदार, कोल्हापूर

उत्तर

ताई,

पहिल्या प्रश्नानं तुमची झोप उडवलेली दिसते, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. तुम्ही गद्दारी केलेली नाही. पक्षाचा आदेश पाळायचं बंधन नगरसेवकावर असतं. चिन्हावर निवडून आलेल्या नगरसेवकानं सभागृहात व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, डावलून मत दिलं तर त्याचं पद जाऊ शकतं. महाराष्ट्रात त्यासाठी १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. मतदाराला व्हिप काढणारा कायदा नाही, आणि असू नये. तुमचं मत गुप्त होतं. दिरांना, जावेला, अगदी नवऱ्यालाही ते सांगायची सक्ती तुमच्यावर नव्हती. घरच्या माणसांशी खोटं बोलायचं नाही म्हणून तुम्ही सांगितलंत. जिला दगाच द्यायचा असतो, ती ताटावर बसून असं सांगत नाही.

आणि हे चौथ्या मताचं प्रकरण मुळात आलं कुठून तेही बघा. २०१५ साली शहरात ८१ प्रभाग होते, प्रत्येकाला एक नगरसेवक. पक्षाचा माणूस पटला तर मत द्यायचं, नाही पटला तर नाही, एवढाच प्रश्न होता. या वेळी त्याच ८१ जागा २० प्रभागांत बसवल्या आणि आपल्या हातात एकदम चार-चार मतं आली. पक्षांनी पॅनेल केली, ‘चारीच्या चारी बटणं आपलीच’ म्हणून रिक्षा फिरवल्या. तो त्यांचा प्रचार झाला. यंत्रावर मात्र चार जागांच्या चार वेगळ्या याद्या होत्या आणि प्रत्येक यादीच्या शेवटी नोटाचं, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ हे बटणही होतं. चारही मतं एकाच चिन्हाला द्यायची असती तर एकच बटण ठेवलं असतं. प्रत्येक जागेचा वेगळा विचार करायला तुम्हाला कायद्यानंच सांगितलं होतं, तो तुम्ही केलात.

एवढं म्हटल्यावर दिरांची बाजूही मांडते, कारण त्यांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. नगरसेवक एकट्यानं काही करत नाही. महापौर कोण, स्थायी समिती कुणाकडे, बजेटमध्ये कुठल्या भागाला किती, हे सगळं संख्येवर ठरतं. बोट घेऊन आलेला तो माणूस भला असेल, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण सभागृहात तो त्याच्या पक्षाच्या व्हिपनं हात वर करणार. म्हणजे तुमची तीन मतं एका बाजूच्या महापौराकडे गेली आणि चौथं दुसऱ्या बाजूच्या. हे माहीत असूनही तुम्ही बटण दाबलं असेल तर प्रश्नच नाही, ती तुमची निवड. पण तेव्हा हे डोक्यात नसेल तर आता असू द्या. ज्यांना आपल्या पक्षाचा माणूस नको आणि समोरच्याचं संख्याबळही वाढवायचं नाही, त्यांच्यासाठी नोटा असतं. पुढच्या वेळी दोन्हींतलं काय करायचं ते हिशोब मांडून ठरवा.

आता तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवर मी अडले. वाईट वाटून घेऊ नका, पण ज्या मोजमापानं तुम्ही माणसं मोजलीत ते सगळ्यांना सारखं लावलेलं नाही.

‘ड’ च्या उमेदवाराबद्दल तुम्ही लिहिता, गेल्या पाच वर्षांत तो गटारीसाठी फिरकला नाही. ताई, २०१५ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तिथून जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेवर प्रशासक होते. शहरात नगरसेवक नावाचं पद भरलेलंच नव्हतं. ठराव करायला सभा नाही, वॉर्डाला निधी नाही, अधिकाऱ्याला जाब विचारायला सभागृह नाही. त्या पाच वर्षांतल्या तुंबलेल्या गटारी, बंद दिवे, चुकलेली घंटागाडी एखाद्या माजी नगरसेवकाच्या नावावर टाकणं न्यायाचं नाही. तुम्ही ज्यांना मत दिलंत त्या तिघांनीही त्या काळात गटार काढून दिली नसणार. कुणी दिली असेल तर फोन करून, ओळखीनं, पदाशिवाय. ते जरूर त्याच्या नावावर जमा करा.

त्याला मोजायचंच असेल तर आपल्या शहरात, आणि विशेषतः तुमच्या पेठेत, त्यासाठी फार चांगलं माप आहे. दोन महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी आलं तेव्हा सभागृह होतं, हा माणूस नगरसेवक होता. जुलै २०२१ मध्ये पाणी आलं तेव्हा सभागृह नव्हतं, तो कुणीच नव्हता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे तुमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. दोन्ही वेळा ते त्याच्या कितीतरी वर गेलं. २०१९ ला तो कुठे होता ते आधी विचारा, कारण तेव्हा त्याचं ते कर्तव्य होतं. माणसं हलवायला उशीर झाला का, निवारा केंद्रात जेवण वेळेवर पोचलं का, पाणी ओसरल्यावर पंचनाम्यातून सुटलेली नावं घालायला तो तलाठ्याच्या मागे लागला का. मग २०२१ चं विचारा. पद नसताना जो आला, त्याला जास्त मार्क द्या. पद नसताना जो आला नाही त्याला दोष देता येईल, पण पद असताना जो आला नाही त्याचा दोष त्याहून मोठा. तुमच्या पत्रात २०१९ चा शब्दही नाही. तो त्या वेळी कंबरभर पाण्यात उभा असेल, तर तुमचं मत वेगळं झालं असतं का? हे मी उलटतपासणीसाठी विचारत नाही. बैठकीत तुम्ही उभ्या राहून बोललात तर त्याची माणसं पहिलं हेच विचारणार आहेत.

तो तुमच्या पेठेतला नाही, हा तर दोष धरूच नका. आता एका प्रभागात तीन-तीन, चार-चार भाग येतात. प्रत्येकानं आपल्याच पेठेचा उमेदवार मागितला तर चार जागांवर भांडणंच होतील. राहिलं पक्ष बदलून येणं. त्याचा राग मी समजू शकते. आदल्या आठवड्यात आलेल्याला फॉर्म आणि पोस्टर चिकटवणाऱ्याला ‘पुढच्या वेळी बघू’, हे कार्यकर्त्याच्या जिवाला लागतंच. पण तो राग ज्यानं फॉर्म मागितला त्याच्यापेक्षा ज्यांनी दिला त्यांच्यावर जास्त असायला हवा.

दुसरं वाक्य, ‘आमच्या तालमीचा पोरगा, त्याच्याबद्दल शंकाच नाही.’ का नाही? कोल्हापुरात तालीम म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. पुरात पहिली धावते ती तालीम, अडल्यानडल्याला उभी राहते ती तालीम, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ एका रंगाची होते. पण तालमीचा असणं हा कामाचा दाखला नव्हे. पोरगा नवा आहे, त्याच्या नावावर अजून चांगलं-वाईट काहीच नाही. त्याला संधी दिलीत हे बरोबर केलंत. आता शंका ठेवा, मायेनं ठेवा. सहा महिन्यांनी तो सभेत किती वेळा हजर होता, कुठल्या विषयावर बोलला, हे विचारायला तुम्हीच पहिल्या जा. आपल्या माणसाला कुणी विचारत नाही, म्हणून आपली माणसं बिघडतात. या शहरात ‘ढपला’, म्हणजे कामातून मारलेला पैसा, हा शब्द ज्या कारभाऱ्यांमुळे रुळला, तेही कधीतरी कुठल्यातरी पेठेची लाडकी पोरंच होती.

खरी काम करण्यासारखी जागा मला तुमच्या ‘क’ मध्ये दिसते, आणि तुम्ही तिला दोन ओळीत उरकलंय.

स्थानिक संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या त्या २०११ मध्ये. त्या जागांवर निवडून आलेल्या कितीतरी बायकांनी सभागृह गाजवलं आहे. आणि कितीतरी ठिकाणी पाटी बाईंची, कारभार मालकांचा, असंही चाललंय. तुमच्याकडे दुसरा प्रकार दिसतो. त्याबद्दल चिडून मत न देणं हा एक मार्ग होता, तो तुम्ही घेतला नाहीत, मत दिलंत. मग आता त्या बाईंना नगरसेविका करायचं काम अर्धं तुमच्यासारख्या बायकांचं आहे, असं मी म्हणेन.

कसं, ते सांगते. गल्लीतल्या चार-पाच जणी मिळून एका साध्या कामाचा अर्ज लिहा. समजा कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण खचलंय. अर्जावर नाव बाईंचं घाला, ‘मा. नगरसेविका’ असं, मालकांचं कुठेही नको. त्यांच्या घरी जायचं ते दुपारी, मालक बाहेर असतात त्या वेळी. अर्ज त्यांच्या हातात द्या. ‘हे आले की सांगते,’ असं म्हणतील. तेव्हा म्हणा, ‘वहिनी, आम्ही मत तुम्हाला दिलंय. एवढं वाचा, खाली शिफारशीची सही करा, आणि उद्या आमच्याबरोबर विभागीय कार्यालयात चला.’ पहिल्या वेळी येणार नाहीत कदाचित. दुसऱ्या वेळी येतील. कार्यालयात अर्ज आवक करून शिक्क्याची प्रत त्यांच्याच हातात द्या. कनिष्ठ अभियंत्यांशी त्या दोन वाक्यं बोलल्या, त्यांनी वहीत नोंद केली आणि झाकण बसलं, की त्या बाईंच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघा. फोन मालकांनी उचलला तर भांडू नका, नुसतं म्हणा, ‘मॅडमना द्या, त्यांच्याशी काम आहे.’ दर वेळी म्हणा. दहा घरांतून रोज हेच ऐकू आलं तर मालकांनाही फोन बाईंकडे द्यायची सवय लागेल. हे पुरुष कार्यकर्ते करणार नाहीत, त्यांना मालकांशी बोलणंच सोपं जातं. ते तुम्हीच कराल.

आता पक्षाकडे येते. तुमच्या मनातला मोठा सल तोच आहे: उमेदवारीच्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नाही, मग मत देताना आम्ही का ऐकायचं?

तुमचा प्रश्न रास्त आहे. उमेदवारी कुणाला द्यायची हे कार्यकर्त्यांना विचारूनच ठरवा, अशी सक्ती आपल्याकडचा कोणताही कायदा पक्षांवर करत नाही. मुलाखती होतात, इच्छुक शक्तिप्रदर्शन करतात, आणि शेवटी फॉर्म मिळतो तो रात्री उशिरा, जोडण्या पुऱ्या झाल्यावर. कोल्हापुरात हे जास्त जाणवतं, कारण इथं पक्षापेक्षा गट जुना. वर्षानुवर्षं इथली महापालिका आघाड्यांच्या नावानं चालली, पक्षांची चिन्हं ठळकपणे आली ती अलीकडे. गोकुळ दूध संघाला एका बाजूला, जिल्हा बँकेला दुसऱ्या बाजूला आणि विधानसभेला तिसरीकडेच असलेले नेते आपण सगळ्यांनी पाहिलेत. महापौरपदाची खांडोळी करून एकाच मुदतीत ते कितीजणांत वाटलं गेलं, तेही पाहिलं. महापौर निवडीच्या आधी नगरसेवक सहलीवर जातात तेव्हा मतदाराला कुणी विचारत नाही. २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसनं आधी जाहीर केलेला उमेदवार बदलला, नव्या उमेदवारानं माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला, आणि यंत्रावर हाताचं चिन्हच राहिलं नाही. आयुष्यभर हातालाच मत दिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी त्या दिवशी काय शोधायचं होतं? २०२२ ला शिवसेना आणि २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, तेव्हाही नाव-चिन्ह एकीकडे आणि घरातली जुनी माणसं दुसरीकडे, असं किती घरांत झालं. नेते एवढे हलत असताना मतदारानं तेवढं खांबासारखं उभं राहावं, ही अपेक्षा मला मान्य नाही. सगळ्या पक्षांबद्दल मी हे म्हणते, तुमचा कुठला ते मला माहीत नसलं तरी चालेल.

आणि पक्षात राहून पक्षाला सुनावणं हे आपल्या शहराला नवीन नाही. रस्त्यांच्या प्रकल्पासाठी शहरावर टोल बसला तेव्हाचं आठवा. राज्यात आणि महापालिकेत सत्ता ज्यांची होती, त्यांनाच मत देणारी हजारो माणसं टोलविरोधी मोर्चांत होती. गोविंद पानसरे, एन. डी. पाटील अशी माणसं पुढे होती आणि त्यांच्यामागे सगळ्या झेंड्यांचे लोक होते. आपल्या पक्षाच्या सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलो म्हणून कुणी घरातून उठवलं नाही. २०१५ च्या अखेरीला टोल गेला तो त्या माणसांमुळे. तुमचे सासरे तेव्हा असतील तर ते कुठे उभे होते, हे घरात विचारून बघा. उत्तर काय येईल मला माहीत नाही, पण दिरांशी बोलायला तो विषय चांगला आहे.

पक्ष सोडायचा का? मला तरी कारण दिसत नाही. चारपैकी तीन माणसं तुम्हाला चालली, पक्षाची दिशा तुम्हाला पटते, राग आहे तो एका उमेदवारीवर. एवढ्यावर घर बदलायचं नसतं. तुम्ही नोंदणी केलेल्या सभासद असाल तर एवढं लक्षात ठेवा, दुसऱ्या पक्षाचा उघड प्रचार केला तर पक्ष कारवाई करू शकतो, पण मतपेटीतल्या मतावर कुणी कारवाई करू शकत नाही. सभासद नसाल तर व्हायचा विचार करा, कारण शहराध्यक्षांकडे लेखी म्हणणं देताना सभासदाचं पत्र जरा जास्त वेळ टेबलावर राहतं.

मुलीचा प्रश्न मला फार आवडला. तिला सांगा की चिन्ह आधी बघायचंच. चिन्हावरून कळतं की हा माणूस सभागृहात कुणाच्या बाजूनं हात वर करणार. ते कळल्यावर माणूस बघायचा. त्याचं शपथपत्र बघायचं, त्यात मालमत्ता आणि गुन्हे दोन्ही लिहावे लागतात. आधी नगरसेवक असेल तर सभांची हजेरी आणि इतिवृत्त माहिती अधिकारात मागायचं. अर्जाला दहा रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा अर्ज तिलाच लिहायला लावा, ‘ड’ च्या त्या माजी नगरसेवकाच्या २०१५ ते २०२० च्या हजेरीचा. जे येईल ते तुमच्या मताच्या बाजूचं असो की उलटं, घरात सगळ्यांसमोर वाचा. तो नियमित हजर असेल, प्रश्न विचारत असेल, तर दिरांना तसं मोकळेपणानं सांगा.

दिरांबद्दल थोडं. ते ताटावरून उठले ते चूकच, पण निवडणुकीत कार्यकर्ता कसा राबतो हे तुम्ही त्या घरात राहून जवळून पाहिलंय. पहाटेपासून स्लिपा वाटायच्या, म्हातारी माणसं रिक्षातून बूथवर आणायची, रात्री जेवणावळींचा हिशोब. ज्या उमेदवारासाठी राबलो तो थोडक्यात पडला आणि घरात ऐकू आलं की आपल्याच घरातून मत गेलं. त्यांना लागलं असणार. वर शहर कमिटीत लोक त्यांनाच विचारत असतील. मताबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका, माफीही मागू नका. एवढंच म्हणा, ‘भाऊजी, तुम्ही राबलात म्हणून तिघं आले, हे मला दिसतंय. चौथ्याबद्दल माझं जे म्हणणं आहे ते मी बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे, तुमच्या मागं नाही.’ आधी सांगून ठेवलंत तर सभेत त्यांची मान खाली जाणार नाही. जावेला मात्र जरा स्पष्ट सांगा की घरातलं बोलणं गल्लीत नेऊ नको.

बैठकीत बोलाच. कुणाला मत दिलं ते तिथं सांगायची गरज नाही, विचारलं तरी सांगू नका. उमेदवारीबद्दल बोला. टक्केवारी, ढपला, पाकीट असले शब्द हातात कागद नसेल तर तोंडातून काढू नका. ते सिद्ध करता येत नाहीत आणि एकदा ते निघाले की तुमचं बाकीचं कुणी ऐकत नाही. त्याच्या बायकोमुलांबद्दल, जातीबद्दल, पेठेबद्दल काही नको. मोबाईलवर आलेलं काही वाचून दाखवू नका. जे डोळ्यानं पाहिलं तेवढं सांगा: अमुक तारखेला पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा पक्षाचं कोण आलं, कोण नाही. डावललेल्या कार्यकर्त्याचं नाव घेण्याआधी त्यांना विचारा, त्यांची इच्छा नसेल तर त्यांचा झेंडा तुम्ही उचलू नका. मग दोन मागण्या करा. पुढच्या वेळी आमच्या प्रभागाची उमेदवारी ठरवताना आधी प्रभागात बैठक घ्या आणि त्यात बायकांनाही बोलवा. आणि निवडून आलेल्या तिघांनी दर तीन महिन्यांनी याच जागी येऊन केलेल्या कामाचा हिशोब द्यावा. यात पडलेल्या उमेदवारालाही बोलवा. तो खरंच पक्षात राहायला आला असेल तर येईल.

हे सगळं एका पानावर लिहून न्या, खाली गल्लीतल्या ज्या बायका तयार असतील त्यांच्या सह्या घ्या. दोन प्रती करा. एक शहराध्यक्षांना किंवा बैठक घेणाऱ्या पदाधिकाऱ्याला द्या, दुसरीवर ‘मिळाली’ अशी सही आणि तारीख घेऊन ती जपून ठेवा. शक्य झालं तर त्या बैठकीत ‘क’ च्या नगरसेविकेच्या शेजारी बसा, आणि तुमचं बोलून झालं की माईक त्यांच्या हातात द्या.